वृत्तपत्र अडते ते कागद, बँकखाते आणि भाडेकरारापाशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

6 जानेवारीच्या पत्रकार दिनाला बेळगाव, खानापूर, निपाणीत भाषणे होतात ती संपादकाच्या लेखणीवर. तो गौरव योग्यच आहे. पण शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, मालक आणि छपाईचे ठिकाण सांगणारी ओळ असते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. वृत्तपत्र नको असलेले सरकार मात्र सुरुवात तिथूनच करते. हाँगकाँगच्या ‘ॲपल डेली’चे प्रकाशक जिमी लाय यांना 15 डिसेंबर 2025 रोजी राष्ट्रीय सुरक्षेच्या खटल्यात दोषी ठरवण्यात आले. या खटल्याआधी त्यांचा छापखाना, वितरण आणि बँकव्यवहार कसे एकेक करून मोडले गेले, ते आपल्या भागातल्या प्रत्येक वृत्तपत्रचालकाने तपशिलात समजून घ्यावे, यासाठी हे पत्र.

लाय यांचा जन्म 1947 चा. बाराव्या वर्षी चीनमधून होडीने हाँगकाँगला आले, कारखान्यात राबले आणि 1981 मध्ये ‘जिओर्दानो’ हा तयार कपड्यांचा धंदा उभा केला. 1989 मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकात आंदोलकांवर झालेल्या गोळीबारानंतर ते प्रकाशनाकडे वळले आणि 1990 मध्ये साप्ताहिक काढले. त्यातून 1994 मध्ये त्यांनी चीनचे पंतप्रधान ली पंग यांच्यावर जळजळीत शब्दांत टीका केली, तेव्हा टाळे लागले ते कपड्यांच्या बीजिंगमधल्या दुकानाला. प्रकाशकाचा दुसरा धंदा असेल तर पहिला घाव त्यावर बसतो, तो असा. पुढे त्यांनी कपड्यांच्या कंपनीतले आपले भागच विकले. 20 जून 1995 रोजी ‘ॲपल डेली’ सुरू झाला. पाच हाँगकाँग डॉलरचा अंक कूपनावर दोन डॉलरला देऊन त्यांनी बाजार हलवला. त्या दैनिकातला चटपटीत मजकूर सर्वांनाच रुचणारा नव्हता, आम्हालाही रुचत नाही. पण वाचक त्यासाठी रोज पैसे मोजत होता आणि त्यामुळेच ते दैनिक कोणाचे मिंधे नव्हते.

मग जाहिराती आटल्या. 2013 च्या अखेरीस मोठ्या बँकांनीही हात आखडता घेतला. बँका म्हणाल्या निर्णय व्यावसायिक आहे, कंपनीने बीजिंगच्या दबावाकडे बोट दाखवले. त्याच वर्षी जूनमध्ये चाकू घेतलेल्या, तोंड झाकलेल्या लोकांनी वितरकांना धमकावून 26,000 अंक जाळले. 2014 च्या हाँगकाँगमधील लोकशाहीवादी आंदोलनात छापखान्याच्या फाटकावर गाड्या अडवल्या गेल्या, गठ्ठ्यांवर सोया सॉस ओतला गेला. वितरणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे रात्री साडेबारा-एकला शेवटचे पान जाते, तीन-साडेतीनला खानापूर आणि निपाणीच्या गाड्या सुटतात, पाचला एजंट गठ्ठे फोडतो. गाडी दोन तास अडली की घरोघर टाकणारी मुले निघून जातात आणि छापलेला अंक त्याच दिवशी रद्दी होतो. अंकात काय लिहिले आहे याला मग काही अर्थ उरत नाही.

भाडेकराराची गोष्ट तर प्रत्येक लहान मालकाने दोनदा वाचावी. ‘ॲपल डेली’ची इमारत औद्योगिक वसाहतीत होती आणि करारात जागेचा वापर छपाई-प्रकाशनापुरताच लिहिला होता. लाय यांच्याच एका सल्लागार कंपनीने तिथली एक खोली वापरली. एवढ्यावरून फसवणुकीचा गुन्हा लागला आणि डिसेंबर 2022 मध्ये 5 वर्षे 9 महिन्यांची शिक्षा झाली. आपल्याकडे किती छापखान्यांत वरच्या मजल्यावर मालकाची जाहिरात संस्था, खाली लग्नपत्रिकांचे जॉबवर्क आणि बाजूला भावाचे विम्याचे टेबल असते! वाईट हेतू कोणाचाच नसतो, पण करारात ‘वापर’ या रकान्यात एकच शब्द असतो. त्या प्रत्येक कामासाठी वेगळा लेखी पोटकरार आणि जागामालकाची सही आजच घ्यावी.

खरा गळा आवळला तो बँकेतून. चीनने हाँगकाँगसाठी केलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा 30 जून 2020 ला लागू झाला. 10 ऑगस्टला सुमारे 200 पोलीस कचेरीत शिरले. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून लोकांनी रांगा लावल्या आणि पाच लाखांवर अंक छापावे लागले. वाचक पाठीशी होता. पैसाही होता, कंपनीच्या हिशेबात मार्च 2021 अखेर सुमारे 52 कोटी हाँगकाँग डॉलर शिल्लक होती, म्हणजे दीड वर्षाची तरतूद. मे महिन्यात लाय यांचे 71 टक्के भाग गोठवले गेले. 17 जूनला 500 पोलीस आले, पाच वरिष्ठांना अटक झाली आणि छपाईच्या कंपनीसह तीन कंपन्यांची 1 कोटी 80 लाखांची मालमत्ता गोठवली गेली. वरवर पाहता ही रक्कम शिलकीपुढे किरकोळ. पण गोठवलेल्या मालमत्तेशी परवानगीविना व्यवहार करणे हाच गुन्हा, त्यामुळे बँका बिचकल्या. बाहेरून येणारे पैसेही खात्यात जमा होईनात. पगार, कागद, वीज, वाहतूक यांतले काहीच देता येईना, आणि आठवडाभरात, 24 जून 2021 ला, शेवटचा अंक निघाला. प्रती दहा लाख. संकेतस्थळही आदल्या मध्यरात्रीच बंद झाले, कारण तेही त्याच गटाच्या कंपनीचे होते.

यातून एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. दोन बँकांत खाती उघडून भागत नाही, कारण आदेश मालकाच्या आणि संस्थेच्या नावावर निघतो, शाखेवर नाही. कामगारांचा एक महिन्याचा पगार कर्मचाऱ्यांच्या स्वतंत्र पतसंस्थेत असणे, कागदवाल्याला आगाऊ रक्कम दिलेली असणे, या गोष्टी थोडा वेळ मिळवून देतात. ठरवलेल्या सरकारला तेही अडवता येईल, पण न्यायालयात जायला पंधरा दिवस मिळणे आणि न मिळणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

कागदाचा धडा मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाच्या ‘ला प्रेन्सा’कडून घ्यावा. 1926 पासूनचे हे दैनिक. तिथले हुकूमशहा सोमोसा यांच्या राजवटीत त्याचे संपादक पेद्रो होआकिन चामोरो यांची 10 जानेवारी 1978 रोजी हत्या झाली. पुढे राष्ट्राध्यक्ष ओर्तेगा यांच्या सरकारने बंदी न घालताच काम साधले: आयात केलेला कागद आणि शाई कस्टममध्ये सुमारे 75 आठवडे अडकवून ठेवली. ‘एल नुएव्हो दियारिओ’ हे दुसरे दैनिक याच टंचाईत सप्टेंबर 2019 मध्ये बंद झाले. ऑगस्ट 2021 मध्ये ‘ला प्रेन्सा’ची छापील आवृत्ती थांबली, लगेच कचेरीवर धाड पडली आणि तिचे व्यवस्थापक हुआन लोरेन्सो होलमान यांना अटक झाली. आरोप मनी लाँडरिंगचा, शिक्षा नऊ वर्षांची.

बेळगावच्या मापाने हिशेब करा. 45 जीएसएमच्या (चौरस मीटरला 45 ग्रॅम वजनाच्या) कागदावर आठ पानी मोठा अंक सुमारे 32 ग्रॅमचा होतो. दहा हजार प्रतींना सव्वातीनशे किलो. रंग एकमेकांवर नेमके जुळेपर्यंतचे खराब अंक आणि रिळाचा शेवट धरून पाच टक्के वाढवा, म्हणजे रोज 340 किलो आणि महिन्याला दहा टन. एवढा साठा करायला भांडवल अडकते, शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात रिळाच्या कडा ओल धरतात, ताण सारखा राहत नाही आणि मशीनवर कागद तुटत राहतो. म्हणून बहुतेक जण जेमतेम आठवड्याचा कागद ठेवतात. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर आणि वेष्टन न फोडता ठेवले तर पंधरा-वीस दिवसांचा साठा पावसाळ्यातही टिकतो. त्याचे व्याज हा खर्च नाही, विमा आहे.

हे सगळे परदेशातले म्हणून सोडून देऊ नये. 1910 च्या प्रेस ॲक्टने नव्या छापखान्याकडून 500 ते 2,000 रुपये अनामत घेतली जाई. ती जप्त झाली की पुन्हा 1,000 ते 10,000, आणि त्यानंतर छापखानाच जप्त. 25 जून 1975 च्या रात्री दिल्लीत बहादुरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडली गेली, सेन्सॉर अधिकारी नंतर आले. ‘इंडियन एक्सप्रेस’चे मालक रामनाथ गोएंका यांच्या संचालक मंडळावर सरकारला चालणारी माणसे बसवली गेली. आणीबाणीआधी, 1972 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दहा पानांची कागदमर्यादा घटनाबाह्य ठरवली होती, हेही विसरू नये. कागदावरची बंधने ही अभिव्यक्तीवरची बंधने आहेत, हे आपल्या देशात न्यायालयाने मान्य केलेले तत्त्व आहे.

सीमाभागातल्या मराठी वाचकाला शाळेच्या सूचनेपासून निधनवार्तेपर्यंत सगळे स्वतःच्या भाषेत मिळते ते इथल्या वृत्तपत्रांमुळे. म्हणून मालकांनी एका जाहिरातदारावर मिळकतीचा दहाव्या हिश्शाहून अधिक भार ठेवू नये आणि कोल्हापुरातल्या एखाद्या छापखान्याशी अडचणीच्या वेळेचा लेखी करार करावा. मुद्रक आणि ठिकाण बदलले की नोंदणीतही बदल लागतो, ती कागदपत्रे आधीच तयार असावीत. आपणाकडे एक विनंती: 1956 पासूनच्या आपल्या बांधीव फायलींचे स्कॅनिंग करून एक संच बेळगावबाहेरच्या ग्रंथालयात ठेवावा, आणि हे काम कुठवर आले ते अंकातून कळवावे. खर्चासाठी वाचकांकडे वर्गणी मागितलीत तर ती गोळा करण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

आपले,
मुद्रण व वृत्तपत्र वितरण व्यवसायातील काही वाचक,
बेळगाव, खानापूर, निपाणी