चिपची किंमत

चि. मनवास,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझ्या कादंबरीपेक्षा तुझ्या राजीनाम्यावरच मी जास्त बोलले. हस्तलिखित दोनदा वाचलं होतं, ते सांगायचंच राहिलं. म्हणून हे पत्र फक्त कादंबरीबद्दल.

तुझ्या 2090 च्या ठाण्यात प्रत्येक मुलाच्या मानेत चिप आहे. ती चालते कशी, यावर तू अकरा पानं घातलीस. ती कितीला पडते, हप्ता कोण भरतं, बिघडली तर कुणाकडे न्यायची, हे कुठेच नाही. अशा गोष्टीत यंत्रापेक्षा बिलाची भीती मोठी असते.

एम. टी. अँडरसनची ‘फीड’ (2002) ही कादंबरी पुन्हा काढ. फीड म्हणजे डोक्यातच बसवलेलं इंटरनेट, जाहिरातींसकट. त्यातल्या टायटसच्या डोक्यात फीड तान्हेपणीच बसलेला, त्याच्या मैत्रिणीच्या, व्हायोलेटच्या, सातव्या वर्षी. चंद्रावर एक जण त्यांचे फीड हॅक करतो. बाकीच्यांचे पूर्ववत होतात, व्हायोलेटचा उशिरा बसवलेला, तो बिघडतच जातो. ती मात्र मुद्दाम नको नको त्या वस्तूंची चौकशी करून ठेवते, घेत काहीच नाही, म्हणजे कंपनीला आपला अंदाज बांधता येऊ नये. पुढे दुरुस्तीला पैसे हवे असतात तेव्हा हेच आडवं येतं: तुमच्या खरेदीचा काही मेळच लागत नाही, गुंतवणूकदारांना रस नाही. नकार देणारा आवाज अगदी गोड असतो. तुझ्या नवव्या प्रकरणात मंत्री दीड पान भाषण ठोकतो, ते काढून असा एक गोड नकार घाल.

हे वाचताना माझ्या मनात काय आलं ते तुला कळलंच असेल. ऑफिसचा ग्रुप विमा राजीनाम्याबरोबर संपला ना? बरं, राहू दे.

हप्त्यांचं गणित कसं मांडायचं ते ‘द हंगर गेम्स’मध्ये (2008) बघ. तिथे चिठ्ठी निघेल त्या मुलाला जिवावरच्या खेळात उतरावं लागतं. बाराव्या वर्षापासून दरवर्षी एक चिठ्ठी सक्तीची. वर्षभराचं थोडं धान्य आणि तेल हवं असेल तर माणशी आणखी एक. नायिका कॅटनिस स्वतःसाठी, आईसाठी आणि बहिणीसाठी तीन घेते, म्हणजे वर्षाला चार. जुन्या चिठ्ठ्या रद्द होत नाहीत, म्हणून सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या वीस. गरिबाचा धोका कसा साठत जातो ते एका बेरजेत कळतं. तुझ्या चिपलाही असं एकच गणित दे, सातवीतल्या मुलाला तोंडी करता येईल असं.

जाहिरातींचं सांगते. तुझ्या सगळ्या जाहिराती टिंगलीच्या आहेत. हसू येतं, पण वस्तू हवीशी वाटत नाही. वाचणाऱ्याला क्षणभर ती घ्यावीशी वाटली पाहिजे, नाहीतर तुझी मुलं नुसती मूर्ख ठरतात. दोन-तीन ओळींच्या वर नको आणि प्रकरणाच्या शेवटी तर नकोच, वाक्याच्या मध्येच घुसव. रडणाऱ्या मुलीला रुमाल विकणं सोपं आहे. तिला खोलीचा नवा रंग सुचव, तोही आठवड्याने. ‘फीड’मध्ये लोकांच्या अंगावर जखमा उठतात आणि त्यांचीच फॅशन होते, मग एक मुलगी पैसे मोजून खोट्या करून घेते. तुझ्या ठाण्यात मुलं कशाची फॅशन करतील?

आणि तुझी मुलं माझ्या बालभारतीसारखी बोलतात. त्यांच्या बोलण्यातले दहा-बारा शब्दच वापरून झिजल्यासारखे, त्यांचे स्वतःचे केलेस तरी पुरे, फक्त त्यांचे अर्थ कुठे सांगत बसू नकोस.

व्हायोलेटचं सातवं वर्ष वाचलं आणि तुझं आठवलं. डेंग्यू, सलाइन, आजीच्या पाटल्या. तेव्हाही तू नर्सला विचारत होतीस, ही बाटली कितीची? ती मुलगी चिपची किंमत लिहायला विसरते म्हणजे काय!

नवीन पॉलिसीत अपघात सोडला तर साधारण पहिले 30 दिवस काही मिळत नाही आणि आधीच्या दुखण्यांना 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून आजच अर्ज कर. थायरॉइड लपवू नकोस, पुढे क्लेम अडतो. बघ, पुन्हा तिथेच आले. रागावू नकोस. बाबा म्हणतात पहिला हप्ता आम्ही भरू. मी त्यांना सांगितलं, तिला विचारल्याशिवाय नाही.

चौथं प्रकरण, लिफ्टमधलं, फार चांगलं झालंय. खालच्या काकूंना वाचून दाखवलं. त्यातलं अक्षरही बदलू नकोस. पाचवं नव्याने लिहिलंस की पाठव.

तुझी,
आई