मिश्रीची डबी बंद ठेवणाऱ्या आक्कांना

ती. आक्का यांस,

पत्राच्या सुरुवातीला शिरसाष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे. पण मला वाकायला अजून बंदी आहे हे तुम्हीच साऱ्या गल्लीला सांगून ठेवलंय, म्हणून नुसताच नमस्कार. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "गप ए, लई श्याणी झालीस" म्हणून उठून जाता. तेव्हा हे चारचौघांत लिहितेय. फोनवरची बारीक अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत, नातू वाचून दाखवील. त्याचं वाचून होईपर्यंत तरी बसा.

शिवाजी पेठेतल्या ब्लाऊज शिवणाऱ्या बाईची मान दुखते यात कुणाला नवल वाटत नाही. पण उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर झालं, सुई धरलीय की सुटलीय ते बघितल्याशिवाय कळेना, तेव्हा एमआरआय झाला. मानेत ७ मणके. त्यातल्या पाचव्या-सहाव्याच्या मधली चकती सरकून नस दाबत होती. गोळ्या झाल्या, फिजिओथेरपी झाली, शेवटी ऑपरेशन. चकती काढून तिथं केज, म्हणजे तेवढ्याच जागेत बसणारी छोटी चौकट, बसवली, वरून टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू.

दवाखान्यातल्या सगळ्यांचे आभार मी तिथंच मानून आले. घरी सोडताना त्यांनी एक कागद दिला, काय काय करायचं नाही याचा. २ किलोच्या वर उचलायचं नाही, वाकायचं नाही, मान वळवायची नाही, गाडी चालवायची नाही. सगळं बरोबरच होतं. पण आमच्या घरात ते पाळायचं कसं हे त्यावर नव्हतं. नळाला पाणी येतं ते ठरल्या वेळेला, भरलेली घागर १० किलोच्या पुढं जाते, सासूबाईंचे गुडघे गेलेले, मालक शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर आणि पोरगी बारावीला. तुम्ही तो कागद माझ्या हातातनं घेतलात, दाराजवळच्या उजेडात धरून दोनदा वाचलात आणि कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलात. "ह्यातलं एक बी मोडायचं न्हाई. मी हाय." तुम्ही मला धीर दिला असं मी म्हणणार नाही. तुम्ही तो कागद अमलात आणला, आणि त्याचीच मला गरज होती.

उभी हयात वॉर्डात आया म्हणून काढलेल्या बाईचं शेजारी असणं म्हणजे काय, ते पहिल्याच रात्री कळलं. उठायला मी धडपडत होते. तुम्ही खांद्यावर हात ठेवून थांबवलंत. "लाकडाच्या ओंडक्यागत वळ. खांदा फुडं न्हाई, कंबर मागं न्हाई, सगळी एकदम." मग कुशीवर, पाय पलंगाखाली, कोपराचा रेटा, आणि बसल्यावर लगेच उभं राहायचं नाही, आधी चक्कर येते का बघायचं. आजही मी तशीच उठते.

आणि रोज सकाळचं ते. चहाच्या आधी यायचं आणि स्वतःची दोन बोटं माझ्या मुठीत द्यायची. "दाब. आजून. काल जेवली न्हाईस व्हय?" मग दुसरा हात. बरेच दिवस मला वाटत होतं ही माया आहे. असेलही. पण हाताचा जोर कमी होतोय का ते तुम्ही तपासत होता. बोटं दाबून झाली की गळ्यावरची जखम बघायची, ताप बघायचा, लघवी नीट होते का विचारायचं. यातलं काही बिघडलं, श्वास लागला किंवा थुंकी गिळता येईना, तर कुणाची वाट न बघता गाडीत घालायचं, हे तुम्ही मालकांना दम देऊन सांगितलं होतंत. दोन खांद्यांच्या मध्ये सणक उठून मी रडले त्या दिवशीही तुम्ही आधी मूठच दाबायला लावलीत. जोर होता. मग म्हणालात, "हे दुखनं हुतंच. रड खुशाल." पाठीतलं ते दुखणं बऱ्याच जणांना होतं हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

बघायला येणारे आधी मागून मान बघायचे. टाके दिसेनात, मग विचारायचे, "आप्रेशन नक्की झालंय न्हवं?" समोरून करतात, अन्ननलिका आणि श्वासनलिका बाजूला सारून मणक्यापर्यंत जातात, हे सांगायला माझ्याकडं आवाज नव्हता. तो बसला होता तोही त्यामुळंच. घास अडायचा, साधी गोळी अडायची. गोळ्या कुटून द्याव्यात असं सासूबाई म्हणाल्या, तर तुम्ही कुठली कुटलेली चालते आणि कुठली नाही हे फोन करून विचारायला लावलंत. खायला गुरगुट्या भात, पेज आणि तुमचा तो पांढरा रस्सा, मिरी-मिरची न घालता, गाळून, कोमट. कोल्हापुरात राहून तांबड्याचा नुसता वास घेत दिवस काढले. पण त्या वाटीभर पांढऱ्यानं मला उभं केलं.

पाहुण्यांचं एक सोडून देते, नाहीतर आमच्याकडं पुढच्या वेळी कोणी यायचं नाही. एवढंच सांगते की तालमीतले आमचे एक नातेवाईक तेल घेऊन आले होते, मान चोळून 'जाग्यावर' बसवायला. भला माणूस, अनेकांचे खांदे त्यांनी उतरवलेत-चढवलेत. तुम्ही दारातच म्हणालात, "आत पट्टी अन् स्क्रू हाईत. तुमी काय पाना आणलाय व्हय?" ते हसले म्हणून बरं.

आता मिश्रीचं. हे लिहू नको म्हणाल, पण लिहिणारच, कारण आपल्या भागात घराघरांत ती डबी आहे आणि कुणी तिचं नाव काढत नाही. ऑपरेशनआधी विडी, सिगारेट, तंबाखू विचारलं तेव्हा मालक 'नाही' म्हणून मोकळे झाले. बाईमाणसाची मिश्री कोण धरतं त्यात? लग्न झाल्यापासून मी लावते, तेही सासूबाईंच्याच डबीतनं सुरू झालेलं. जखम दाखवायला गेलो तेव्हा तुम्ही सोबत होता, आणि डॉक्टरांसमोर सरळ म्हणालात, "साहेब, ही मिश्री लावती. चालंल का?" त्यांनी लिहायचं थांबवलं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, रक्तवाहिन्या आखडतात, हाडाला रक्त कमी पोचतं आणि दोन मणके एकमेकांना जुळायचे ते जुळत नाहीत. पट्टी-स्क्रू नुसते धरून ठेवतात, जुळायचं ते हाडानंच. त्याला ३ ते ६ महिने लागतात, कधी वर्षही.

रिक्षात मी तुमच्याशी बोलले नाही. घरी आल्यावर तुम्ही माझी डबी उचललीत आणि सासूबाईंचीही माळ्यावर ठेवलीत, त्यांच्या देखत. ते धाडस या घरात दुसऱ्या कुणाचं झालं नसतं. पण खरं मी बघितलं ते वेगळंच. पहाटे मिश्री लावल्याशिवाय तोंडात चहा न घेणाऱ्या तुम्ही. तुमची चंची कमरेलाच असायची. माझ्या दारात ती एकदाही उघडली नाहीत. सकाळी माझ्याकडं येताना चूळ भरून, तोंड स्वच्छ धुऊन यायचात, वाससुद्धा येऊ नये म्हणून. माझं डोकं जड व्हायचं, चिडचिड व्हायची, पोट साफ होत नव्हतं. दुखण्याच्या गोळ्यांनी ते आधीच धरलेलं, त्यात मिश्री बंद. तुम्ही गरम पाणी, पपई, डॉक्टरांना विचारून इसबगोल, सगळं न लाजता केलंत. माझ्या सख्ख्या बहिणीलाही मी ते सांगितलं नसतं.

चालणं हेच औषध म्हणून आधी गल्लीत, मग हळूहळू रंकाळ्यापर्यंत. कॉलर घातल्यावर खालचं दिसत नाही, हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पायापुढं काय आहे ते कळायला मान झुकवावी लागते आणि तीच तर झुकवायची नाही. तुम्ही अर्धं पाऊल पुढं चालायचात आणि नुसतं सांगायचात, "पायरी. खड्डा. श्याण. परत खड्डा." आपल्या रस्त्यांवर तुम्हाला बोलायला विषय कमी पडला नाही. रंकाळ्याच्या कठड्याशी बसून भेळवाल्याकडं बघत राहायचं, कारण भेळ अजून गिळता येत नव्हती, आणि तुम्हीही घ्यायचा नाही. मी आग्रह केला तर म्हणायचात, "तू खाशील तवा खातो मी."

सहा आठवड्यांनी एक्स-रे झाला. पट्टी-स्क्रू जागच्या जागी आहेत. कॉलर निघाली, आवाज आला, भाकरी गिळते. बोटातली बधिरता थोडी आहे. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटरच्या वेगानं सावरते, आणि मानेपासून अंगठा लांब आहे. मिश्री बंद आहे. सासूबाई माळ्याकडं बघतात, पण शिडी लावा असं अजून म्हणालेल्या नाहीत.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, साडीही परत पाठवलीत. आता मशीनवर बसायला परवानगी मिळालीय, एका वेळी अर्धा तास, टेबल उंच करून, मान सरळ ठेवून. पहिला ब्लाऊज तुमचा शिवायचा ठरलंय, यात नाही म्हणायची सोय नाही. कापड पोरीबरोबर पाठवून द्या. अस्तर पाण्यातून काढून, वाळवून द्या, मागच्यासारखं आटायला नको. आणि पायपिंग सांगू नका. ते बारीक काम बोटाला अजून जमत नाही, साधा गोल गळाच करते. मापाचा जुना ब्लाऊज माझ्याकडं आहे, पण एवढ्या दिवसांत माझ्यापायी तुम्ही वाळलाय, तेव्हा नवीन माप घ्यायला स्वतः या. टेप मी धरते, वाकायचं असेल तिथं पोरगी धरील.

तुमची,
समोरच्या दारातली