बिकिनी वॅक्स किती दिवसांनी करावे?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा जवळ आला की आपल्या दैनिकाच्या महिला पुरवणीत त्वचेच्या निगेवर लेख येऊ लागतात आणि मी ते आवर्जून वाचते, कारण गेली २२ वर्षे बार्देश तालुक्यात मी ब्युटी पार्लर चालवते. या लेखांत चेहरा असतो, केस असतात, टाचांच्या भेगा असतात. परंतु जांघेच्या भागातील केस काढण्याविषयी, ज्याला सर्व पार्लरांत बिकिनी वॅक्स म्हणतात, एक ओळही माझ्या वाचनात आलेली नाही. विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, ही अडचण मी समजू शकते. पण ज्या गोष्टीविषयी आई बोलत नाही, मैत्रिणी कुजबुजतात आणि डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो, तिची माहिती शेवटी पार्लरच्या दरपत्रकावरून घ्यावी लागते, आणि ग्राहक लवकर परत यावी असे दरपत्रक छापणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे एक तरुणी आली. तिने दुसऱ्या एका पार्लरमध्ये बारा सिटिंगचे पॅकेज घेतले होते, ते सहा महिन्यांत संपवायचे होते आणि त्यासाठी तिला दर पंधरा दिवसांनी बोलावले जात होते. सातव्या सिटिंगनंतर तिच्या जांघेत दोन्ही बाजूंना केसतोड उठले होते, जुने डाग काळे पडले होते आणि त्वचेखाली गुंडाळून बसलेले केस बारीक काळ्या रेषांसारखे दिसत होते. तिची समजूत अशी होती की तिची त्वचाच मुळात खराब आहे. मी तिला पट्टी न लावताच परत पाठवले, त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगितले आणि पुढचे दोन महिने काहीही करू नकोस, असे बजावले. तिच्या त्वचेत कोणताही दोष नव्हता. चुकला होता तो दोन सिटिंगमधला काळ.

केस सतत वाढत नाही. तो काही काळ वाढतो, मग मुळाशी सुटू लागतो, विसावतो, गळतो, आणि त्याच छिद्रातून नवा केस येतो. डोक्यावरील केसांचा वाढीचा काळ सुमारे २ ते ६ वर्षांचा असतो, म्हणून वेणी कंबरेपर्यंत पोचते. जांघेतील केसांचा तो त्या मानाने फार थोडा असतो, म्हणून ते ठरावीक लांबीच्या पुढे जात नाहीत. शिवाय सगळे केस एकाच वेळी एकाच अवस्थेत नसतात. ज्या दिवशी आपण वॅक्स करतो त्या दिवशी काही केस त्वचेबाहेर असतात, काही अजून त्वचेखालीच असतात, आणि वॅक्स जे बाहेर आहे तेवढेच धरू शकते. आठ-दहा दिवसांनी जे खुंट हाताला लागतात ते बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचे असतात. मुळासकट निघालेला केस इतक्या लवकर परत येत नाही. ही एक गोष्ट ग्राहकाला आधीच सांगितली, तर ‘मागच्या वेळी नीट काढले नव्हते’ ही तक्रारही उरत नाही आणि घाईने पुन्हा येण्याचे कारणही उरत नाही.

घाई का करू नये, याचे कारण लांबीत आहे. वॅक्सला केस धरता यावा यासाठी तो कच्च्या उकड्या तांदळाच्या दाण्याएवढा, म्हणजे सुमारे ५ ते ६ मिलिमीटर, असावा लागतो. पंधरा दिवसांत वर आलेले केस बहुधा याहून आखूड असतात. पट्टी ओढली की असा केस मुळासकट येण्याऐवजी त्वचेच्या पातळीवर तुटतो, वरची त्वचा मात्र दरवेळी सोलवटते, आणि तुटलेला केस पुन्हा वाढताना बाहेर येण्याऐवजी आतल्या आत वळतो. जांघेतील केस जाड आणि कुरळे असतात, त्यामुळे हे आत वळणे हातापायांपेक्षा तेथे कितीतरी अधिक घडते. केसतोड आणि काळे डाग यांचे मूळ बहुतेक वेळा येथेच सापडते. उलट केस फार लांब झाले, तर ओढताना वेदना अधिक होतात, म्हणून सव्वा सेंटिमीटरच्या पुढे गेलेले केस आधी कात्रीने कापून घ्यावे लागतात.

तेव्हा योग्य अंतर ४ ते ६ आठवड्यांचे. प्रथमच वॅक्स करणाऱ्या स्त्रीने पहिल्या दोन-तीन वेळा चौथ्या आठवड्यात यावे, कारण सुरुवातीला मागे राहिलेले केस लवकर वर येतात. त्यानंतर पाच आणि मग सहा आठवड्यांपर्यंत अंतर वाढवता येते. नियमित येणाऱ्या स्त्रियांमध्ये केस विरळ आणि मऊ होत गेलेले मी पाहिले आहेत, परंतु ते कायमचे जातात असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. मधल्या काळात खुंट बोचतात म्हणून रेझर फिरवण्याचा मोह होतो, आणि साऱ्या वेळापत्रकाचा घात तेथेच होतो. रेझरने केस जाड होत नाही, त्याचे टोक फक्त बोथट होते. पण जे केस आधीच वर आले आहेत ते सगळे एकाच पातळीवर कापले जातात आणि पुढच्या वॅक्ससाठी पुन्हा पहिल्यापासून तीन-चार आठवडे थांबावे लागते.

पाळीचा हिशेब या सगळ्याशी जोडलेला आहे आणि तो पार्लरमध्ये क्वचितच कोणी करते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते. पाळी येण्याच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि पाळीचे पहिले दिवस या काळात अनेक स्त्रियांना वेदना अधिक जाणवतात. पाळी संपल्यानंतरचा आठवडा त्यामानाने सुसह्य असतो. समजा, एखादीचे चक्र २८ दिवसांचे आहे आणि तिने पाळीच्या आठव्या दिवशी वॅक्स केले. पाच आठवड्यांनी ती आली तर तो पंधरावा दिवस असेल, आणखी पाच आठवड्यांनी बाविसावा, आणि तिसऱ्यांदाही पाच आठवड्यांचाच नेम धरला तर ती नेमकी पाळीच्या पहिल्या दिवशी दारात उभी राहील. त्याऐवजी तिसरे अंतर सहा आठवड्यांचे ठेवले की तारीख परत आठव्या दिवसावर येते. अशा रीतीने चार पाळ्यांच्या काळात तीन सिटिंग होतात, वर्षाकाठी नऊ किंवा दहा. पंधरवड्याच्या पॅकेजमध्ये हाच आकडा चोवीसवर जातो. ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांना हा हिशेब लागू पडणार नाही. त्यांनी केसांची लांबी पाहूनच यावे. आणि अनियमित पाळीबरोबर हनुवटीवर, पोटावर जाड केस एकाएकी वाढू लागले असतील, तर पार्लरच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे, कारण त्यामागे पीसीओएससारखे संप्रेरकांचे कारण असू शकते.

आता लग्नसराईविषयी. तुळशीचे लग्न झाले की आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात आणि माझ्याकडे दर वर्षी कोणीतरी येऊन म्हणतेच, ‘ताई, परवा लग्न आहे, आजच करून द्या.’ ज्या मुलीने आयुष्यात कधी या भागाचे वॅक्स केलेले नाही तिचे लग्नाच्या दोन दिवस आधी पहिल्यांदा करणे मी नाकारते, आणि त्याबद्दल मुलीच्या आईची नाराजीही सहन करते. पहिल्या वेळी त्वचा कशी वागेल हे कोणालाच आधी कळत नाही. लाली, पुरळ, सूज यांपैकी काहीही होऊ शकते. लग्न १५ डिसेंबरला असेल तर शेवटचे वॅक्स ११ तारखेला, त्याआधीचे ६ नोव्हेंबरला आणि पहिले ९ ऑक्टोबरला, असा उलटा हिशेब मांडावा. पाळीनुसार त्यात दोन-तीन दिवस मागेपुढे करता येतात. चतुर्थीला माहेरी जायचे असो की किनाऱ्यावर सुट्टी घालवायची असो, कोणत्याही ठरलेल्या दिवसाआधी तीन-चार दिवसांची सवड हवीच.

वॅक्स झाल्यावर केसांची छिद्रे उघडी असतात आणि पहिले २४ ते ४८ तास त्वचेला घाम, घर्षण आणि कढत पाणी सोसत नाही. आपल्या दमट हवेत ही गोष्ट जास्तच महत्त्वाची ठरते. मे महिन्यात खाऱ्या पाण्यात डुंबायला जाण्याची सवय गोव्यात जुनी आहे. पण सकाळी वॅक्स आणि संध्याकाळी कळंगुट किंवा मोरजीची लाट असे करू नये, कारण मीठ आणि वाळू दोन्ही त्या सोललेल्या भागाला झोंबतात. क्लोरीन घातलेल्या तलावालाही हेच लागू आहे. त्या दोन दिवसांत सैल सुती कपडे घालावेत, जिम टाळावी, सुगंधी द्रव्ये तेथे लावू नयेत. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा मऊ कापडाने हलक्या हाताने मृत त्वचा काढत राहिल्यास केस आत वळण्याचे प्रमाण कमी होते.

पावसाळ्याचे मात्र स्वतंत्र सांगणे आहे. जून ते सप्टेंबर या काळात कपडे वाळत नाहीत, दमट अंतर्वस्त्रे घालावी लागतात आणि जांघेत गजकर्ण होते. गजकर्णावर वॅक्स केले तर ते पसरते. म्हणून तेथे गोल, खाजरा, कडा उठलेला डाग दिसला की तारीख कितीही जमून आलेली असली तरी ती पुढे ढकलावी. याहून गंभीर गोष्ट अशी की अशा डागावर अनेक जणी औषधाच्या दुकानातून कोणालाही न विचारता स्टेरॉइड मिसळलेले मलम आणतात. त्याने खाज तात्पुरती थांबते, पण ते आठवडेच्या आठवडे लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, आणि पातळ झालेली त्वचा वॅक्सच्या पट्टीबरोबर निघून येऊ शकते. हाच धोका मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांना आहे. त्या चालू असताना आणि बंद केल्यावरही सहा महिने वॅक्स करू नये. मधुमेह असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. हे प्रश्न ग्राहकाला विचारणे हे पार्लरवालीचे काम आहे, आणि ती विचारत नसेल तर ग्राहकाने आपणहून सांगावे.

पार्लरमध्ये गेल्यावर काय पाहावे, हे थोडक्यात सांगते. या भागासाठी कापडी पट्टीशिवाय निघणारे हार्ड वॅक्स बरे, कारण ते त्वचेपेक्षा केसाला अधिक धरते. वॅक्स लावण्याची लाकडी पट्टी एकदा अंगाला लागली की पुन्हा भांड्यात बुडता कामा नये. हातमोजे आणि अंथरलेला कागद प्रत्येकीसाठी नवा असावा. साखर, लिंबू आणि पाणी आटवून घरी केलेले वॅक्स आपल्या आयांनी हातापायांसाठी वर्षानुवर्षे वापरले, त्याला माझा आक्षेप नाही. पण या नाजूक जागी त्याचा अंदाज चुकला तर चटका बसतो.

आपल्या वाचकांपैकी काही जणींना हा विषय किनाऱ्यावरील पर्यटकांपुरता आहे असे वाटेल. ‘बिकिनी’ हे नाव पॅसिफिक महासागरातील एका प्रवाळ बेटाचे, १९४६ साली पॅरिसमध्ये एका पोहण्याच्या पोशाखाला दिलेले, आणि त्या पोशाखावरून या वॅक्सला चिकटलेले. परंतु माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रिया सत्तरी, डिचोली, पेडणे येथून येतात, साडी किंवा पंजाबी ड्रेस घालतात आणि समुद्रात पावले भिजवण्यापलीकडे उतरत नाहीत. त्यांना बरे वाटते म्हणून त्या येतात. ज्यांना नको वाटते त्यांनी मुळीच करू नये. या केसांत अस्वच्छ असे काही नाही, ते घर्षणापासून त्वचेचे रक्षणच करतात, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते काढण्याची गरज नसते. नवऱ्याने किंवा होणाऱ्या सासरने सांगितले म्हणून येणाऱ्या मुलींना मी हे स्पष्ट सांगते.

आपणास विनंती अशी की पुरवणीतून एकदा तरी त्वचारोगतज्ज्ञांकडून या विषयावर सरळ भाषेत लेख लिहवून घ्यावा, म्हणजे माझ्यासारख्या पार्लरवालीच्या अनुभवाला वैद्यकीय आधारही मिळेल आणि चुकत असेल तेथे दुरुस्तीही होईल. तोपर्यंत पॅकेज घेण्याआधी मुदत विचारावी: दहा सिटिंगचे पॅकेज वर्षभर चालत असेल तर घ्यावे, सहा महिन्यांत संपवायचे असेल तर घेऊ नये. आणि घरच्या दिनदर्शिकेवर पाळीची खूण करतो त्याच पानावर वॅक्सच्या तारखेचीही करून ठेवावी.

ग्राहकांची ओळख पटू नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपली नम्र,
एक पार्लर व्यावसायिक,
म्हापसा, बार्देश – गोवा