मंदीवाल्यांचा हिशेबही आम्हाला दिसू द्या

माननीय अध्यक्ष, सेबी, मुंबई यांस,

सा. न. वि. वि.

शॉर्ट सेलिंग, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने जवळ नसलेले शेअर आधी विकून नंतर स्वस्तात परत घेणं, बंद करा, अशी मागणी मी करत नाही. मार्च २००१ मध्ये तशी बंदी एकदा घालून झाली आहे. फुगवलेल्या ताळेबंदाकडे बोट दाखवण्यात ज्याचा फायदा आहे, असा कुणीतरी बाजारात हवाच. माझी तक्रार वेगळी आहे. शेअर धरून बसलेला माणूस तुमच्या नियमांमुळे सगळ्यांना दिसतो, शॉर्ट करणारा मात्र दिसत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये हिंडेनबर्ग या शॉर्ट सेलिंग करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा अहवाल आला आणि अदानी समूहाचे भाव कोसळले. पूर्ण भरलेली २० हजार कोटींची भागविक्री अदानी एंटरप्रायझेसने मागे घेतली. तेव्हा आमच्या कोथरूडमध्ये जो तो म्हणत होता, मंदीवाल्यांनी भाव पाडला. पण आपला सौदा अमेरिकेत व्यवहार होणाऱ्या रोख्यांत आणि भारताबाहेरच्या डेरिव्हेटिव्हजमध्ये (शेअरच्या भावावर बेतलेल्या करारांत) आहे, असं हिंडेनबर्गने स्वतःच लिहिलं होतं. मग इथे विकलं कुणी? घाबरलेल्या भागधारकांनी किती आणि शॉर्टवाल्यांनी किती, हा हिशेब छोट्या गुंतवणूकदाराला त्या आठवड्यात कुठेच मिळत नव्हता.

भाव ठरतो तो त्या दिवशी हात बदलणाऱ्या शेअरवर. प्रवर्तक, फंड आणि वर्षानुवर्षं न विकणारे जुने भागधारक यांच्याकडचा माल बाजारात येतच नाही. उरलेल्या थोड्या मालावर शॉर्टचा दाब आला की भाव झटकन पडतो, आणि तोच माल परत घ्यायची वेळ आली की तितकाच झटकन उसळतो. ऑक्टोबर २००८ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीच्या शेअरचं हेच झालं. पोर्श या दुसऱ्या मोटार कंपनीने शेअर आणि ऑप्शनचे करार मिळून तिच्या सुमारे ७४ टक्क्यांवर आपला ताबा असल्याचं जाहीर केलं. २० टक्के जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याकडे होतेच. शॉर्ट झालेल्या शेअरपेक्षा बाजारात सुटा माल कमी निघाला आणि भाव हजार युरोच्या वर गेला. न विकणाऱ्यांचीही ताकद एवढी असते.

आमच्या सोसायटीतले एक काका पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झाले. रोज रात्री ते आपल्या शेअरची डिलिव्हरीची टक्केवारी, म्हणजे झालेल्या सौद्यांपैकी किती शेअर खरोखर खात्यात गेले तो आकडा, वहीत उतरवतात. ‘आज तीस टक्केच डिलिव्हरी, बाकी सगळं दिवसभरातलं. पण अजून परत न घेतलेले, उभे शॉर्ट किती, ते कुठे बघायचं?’ असं त्यांनी मला विचारलं. तुमचं ५ जानेवारी २०२४ चं परिपत्रक मी त्यांना दाखवलं. संस्थांनी ऑर्डर देतानाच शॉर्ट असल्याचं सांगायचं, किरकोळ गुंतवणूकदाराने दिवसअखेर, आणि एक्स्चेंजने आठवड्याला आकडे द्यायचे. पाऊल चांगलं आहे. पण ते रोख बाजारापुरतं, आणि आपल्याकडे मंदीचा मोठा खेळ चालतो वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत. तिथे ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेल्या करारांचा आकडा, दिसतो. ग्राहक, परदेशी संस्था, देशी संस्था, प्रोप्रायटरी (ब्रोकरांचे स्वतःचे सौदे) अशी फोडही रोज मिळते, पण ती सगळ्या बाजाराची. एकेका शेअरची नाही.

एक टक्क्याहून जास्त शेअर असलेल्या सार्वजनिक भागधारकाचं नाव दर तिमाहीला छापलं जातं. युरोपात अर्ध्या टक्क्याच्या शॉर्टलाही नावानिशी जाहीर व्हावं लागतं. नाव उघड झालं की त्या माणसाला कोंडीत पकडतील आणि घोटाळे उकरणारे पळून जातील, या आक्षेपात मला तथ्य वाटतं. म्हणून नावांचा आग्रह मी धरत नाही. रोख आणि वायदा मिळून त्या शेअरवर निव्वळ शॉर्ट किती, त्यातले संस्थांचे किती आणि प्रोप्रायटरी किती, एवढं दर आठवड्याला एक्स्चेंजच्या त्याच पानावर द्यावं, जिथे काका डिलिव्हरी बघतात.

आणखी एक. शेअर उधार देण्याची सोय २००८ पासून आहे, पण दीर्घकाळ धरणाऱ्या किती जणांना ती ठाऊक आहे? आपल्याच शेअरवर कुणी शॉर्ट करणार असेल, तर त्याचं भाडं तरी त्यांना मिळावं. ब्रोकरांनी ही सोय ॲपमध्ये समोर, मराठीतून दाखवावी, असा आदेश काढावा.

दोन्हींबाबत आपण मसुदा काढून हरकती मागवाव्यात. आम्ही पुण्यातून लेखी पाठवू.

आपला,
एक छोटा भागधारक,
कोथरूड, पुणे