आकडा पॉलिसॅकराइडचा, पूड पिठाची

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतील औषधी अळंबीवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कुतूहलाने आणि दुसऱ्यांदा, आपण वाचले ते खरोखरच छापलेले आहे ना, याची खात्री करून घेण्यासाठी. वेष्टनावर पॉलिसॅकराइडचा आकडा जितका मोठा, तितकी ती कॅप्सूल आतड्यांतील उपकारक जिवाणूंना पोषक, असे आपले लेखक ठामपणे सांगतात. पॉलिसॅकराइड म्हणजे बहुशर्करा, साखरेच्या अनेक रेणूंची साखळी, आणि साधे पिष्ट (स्टार्च) हीसुद्धा बहुशर्कराच असते, एवढे त्यांना छपाईपूर्वी कोणी तरी सांगायला हवे होते.

या आकड्याशी माझा जुना हिशेब आहे. पोटाच्या रेंगाळलेल्या तक्रारीसाठी मी गेल्या वर्षी अशाच भरघोस आकड्यावर भाळून गॅनोडर्मा या औषधी अळंबीच्या कॅप्सूल तीन महिने नेमाने घेतल्या. फरक पडला नाही, तेव्हा दोष माझ्या पोटाचाच असावा, असे मी धरून चालले. पुढे नातवाच्या शाळेतील प्रयोगासाठी घरात आयोडीन आले. थेंब पडताच बटाट्याची फोड काळीनिळी झालेली पाहून त्याला चेव आला आणि त्याने विचारले, "आजी, तुझ्या औषधावर टाकू?" मी एक कॅप्सूल फोडून पूड बशीत पालथी केली. थेंब पडला तिथे ती बटाट्याइतकीच काळीनिळी झाली. अळंबी ही बुरशीच, आणि बुरशी पिष्ट साठवत नाही; ती ग्लायकोजेन ही वेगळी बहुशर्करा साठवते, आणि त्यावर आयोडीनचा रंग फार तर तांबूस-तपकिरी येतो. मग पिष्ट आले कुठून? उत्तर बाटलीच्या मागे, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत होते: धान्यावर वाढवलेले कवकजाल, म्हणजे बुरशीच्या तंतूंचे जाळे. हे तंतू धान्यात इतके गुंतलेले असतात की ते सोडवून काढणे अवघड. म्हणून सगळे एकत्रच वाळवून दळतात, आणि धान्यातील उरलेले पिष्ट 'पॉलिसॅकराइड' हे भारदस्त नाव घेऊन आकड्यात जाऊन बसते. तीन महिने मी पीठ खात होते, आणि तेही चिमूटभर.

पिष्ट बहुतांशी लहान आतड्यातच पचते, त्यामुळे मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या वाट्याला त्यातले फारसे येत नाही. त्यांच्यापर्यंत पोचते ते अळंबीच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकान ही बहुशर्करा, कारण तिच्या साखळीतील १,३ आणि १,६ बंध तोडणारी विकरे (एन्झाइम) आपल्या शरीरात नाहीत. जिवाणू ते आंबवतात, त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्ले तयार होतात, आणि ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी जगतात. अख्ख्या पानभर लेखात 'बीटा-ग्लुकान' हा शब्द एकदाही आलेला नाही. वाचकाने वेष्टनावर शोधायचा तो याच घटकाचा वेगळा आकडा, आणि तो दिलेला नसेल तर बाटली जागच्या जागी ठेवावी.

लेखातील 'सिद्ध झालेले प्रीबायोटिक' या शब्दप्रयोगाबद्दलही थोडे. प्रीबायोटिक ही संज्ञा १९९५ साली गिब्सन आणि रोबरफ्रॉइड यांनी रूढ केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित व्याख्येनुसार यजमानाच्या, म्हणजे ते ज्याच्या शरीरात राहतात त्याच्या, सूक्ष्मजीवांनी तो पदार्थ निवडकपणे वापरायला हवा आणि त्यातून आरोग्याला लाभही व्हायला हवा. इन्युलिन हे वनस्पतींतील तंतुमय कर्बोदक या कसोटीला उतरले आहे. गॅनोडर्माचा २०१५ सालचा जो प्रयोग लेखात मिरवला आहे, तो स्निग्ध आहारावर ठेवलेल्या उंदरांवरचा होता, आणि त्यांना कवकजालाचा पाण्यात काढलेला अर्क दिला होता, धान्यासकट दळलेली पूड नव्हे. माणसांवरचा म्हणावा असा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात 'टर्की टेल' अळंबीतील पीएसपी हे बहुशर्करा-प्रथिन दिल्यावर आतड्यातील जिवाणूंत बदल दिसले. पण सहभागी होते एकूण २४, आणि तेही निरोगी. अळंबीच्या कर्बोदकांत दम नाही, असे माझे म्हणणे मुळीच नाही. उंदीर, परीक्षानळी आणि माणूस यांना एकाच वाक्यात कोंबले, एवढीच माझी तक्रार आहे.

आणि हो, मजकूर गॅनोडर्माचा असताना सोबतचे छायाचित्र शिताके या दुसऱ्याच अळंबीचे आहे. एकीची टोपी लाखेसारखी चकाकते आणि वाळल्यावर लाकडासारखी कडक होते, दुसरी मऊ, मांसल आणि खाण्याजोगी असते. दोन्हींत गफलत व्हायला छायाचित्र न बघताच लावावे लागते.

माझ्या बाटलीत अजून निम्म्या कॅप्सूल शिल्लक आहेत. लेखकमहाशयांची इच्छा असल्यास त्या आयोडीनसह आपल्या कार्यालयात पाठवते. बशी मात्र त्यांनी आपली आणावी.

आपली,
एक जुनी वाचक