खाऱ्या वाऱ्यात लोखंडी खाट कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी देवबागला राहते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये आमची चिंचोळी वस्ती. घरामागच्या चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. २०१८ साली सुरुवात केली तेव्हा सगळे आणतात तशा आम्हीही आठ लोखंडी खाटा आणल्या, पोकळ पाईपच्या. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "खारो वारो लोखंडाक खाता गो बाये."

दरवर्षी दिवाळीआधी घासून रंग द्यायचो. खाट वरून नव्यासारखी दिसायची. पण पाईपच्या आत ब्रश पोचत नाही, दमट खारी हवा मात्र पोचते. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळात खारं पाणी खोल्यांत शिरलं, पायांच्या रबरी टोप्यांत साचून राहिलं आणि त्यानंतर गंज आवरेना. त्याच डिसेंबरात एका रात्री खाटेचा पाय सांध्यापाशी मोडला. वर एक आजोबा झोपले होते. कोपर खरचटण्यावर निभावलं, पण त्यांच्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. सकाळी तो पाय हातात घेतला तर रंगाचा पापुद्रा शाबूत आणि आतला पत्रा बोटांनी चुरत होता. आठही खाटा भंगारात घातल्या.

आधी जमिनीवर गाद्या घालून बघितल्या. देशावर हे चालत असेल. इथे जुलैत लादीला पाणी सुटतं आणि गादीला खालून काळी बुरशी धरते. पूर्वी माणसं सारवलेल्या जमिनीवर चटई टाकून झोपायची, पण सकाळी ती गुंडाळून भिंतीला उभी करायची. फोमची गादी रोज कोण उचलणार? खालून वारा खेळला पाहिजे, खाटेकडून खरं तर एवढंच हवं असतं.

वादळात माझ्या माहेरी, कट्टा गावात, जुना फणस आडवा झाला होता. भावाने त्याच्या फळ्या कापून वर्षभर सावलीत रचून ठेवल्या. त्या पिवळ्याधमक लाकडातून गावच्या सुताराने दोन खोल्यांसाठी चार चौकटी केल्या, सहा फूट बाय तीन फूट. कुठेही खिळा नाही. आडव्या लाकडाचं टोक पायाच्या भोकात बसवायचं आणि पाचर ठोकायची. फणसाला वाळवी सहसा शिवत नाही. रंग द्यायची तर गरजच नाही, ते लाकूड आपणहून तांबूस होत जातं.

विणायला सुंभ घेतला. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, खाऱ्या पाण्यात कित्येक महिने कुजवून, बडवून काढलेल्या काथ्याची ही दोरी. नायलॉन यायच्या आधी होड्यांनाही हेच दोर असायचे, खाऱ्या पाण्याचं त्यांना भय नव्हतं. बाजलं, म्हणजे दोरीने विणलेली खाट, विणणारे एकच म्हातारे गृहस्थ आमच्या ओळखीत उरले आहेत. एका बाजल्याला त्यांना दीड दिवस लागला. मी शेजारी बसून शिकून घेतलं.

पायथ्याकडे ते वीतभर जागा मोकळी सोडतात. तिथे विणीच्या कडेला एक जाड दोर असतो आणि तो पायथ्याच्या लाकडाशी वेगळ्या दोरीने, बुटाची नाडी ओवावी तसा, आवळलेला असतो. नवं बाजलं पंधरा दिवसांत सैल पडतं. तेव्हा विणीला हात लावायचा नाही, ती एक दोरी पायथ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने ओढत न्यायची. बाजलं पुन्हा ताठ. माझी बारावीतली मुलगी हे सहज करते. सुंभ टोचतो ही तक्रार खरी आहे, म्हणून मी वर जाड गोधडी घालते.

गुडघे दुखणाऱ्यांना मात्र बाजलं देऊ नये. मध्ये झोळ पडतो आणि उठताना हाल होतात. म्हणून तिसऱ्या खोलीत चिऱ्याचे कट्टे बांधले. जांभ्या चिऱ्याच्या बुटक्या भिंती, दीड फूट उंच, समोरून उघड्या, आणि वर फणसाच्याच फळ्या बोटभर फट ठेवून. हे हलत नाही, कुरकुरत नाही, खाली केरसुणी फिरते. खोल्या रिकाम्या असल्या की सासूबाई तिथेच झोपतात.

चौथ्या खोलीत माणगा बांबूच्या खाटा आहेत. माणगा जवळजवळ भरीव असतो, वजन चांगलं पेलतो. फक्त कीड लागू नये म्हणून प्रक्रिया केलेलाच बांबू घ्यावा. २०१७मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेरच्या बांबूला वृक्षाच्या व्याख्येतून वगळलं. तेव्हा बांधावरचा माणगा आपल्याच घरात वापरायला हरकत काय?

खर्च लोखंडी खाटांपेक्षा जास्त आला, हे लपवत नाही. पण तो पैसा सुताराकडे, विणणाऱ्या आजोबांकडे आणि गवंड्याकडे गेला, आणि दर तीन-चार वर्षांनी नव्या खाटा घेणं थांबलं.

गेल्या आठवड्यात आमच्याच वाडीत एका नव्या न्याहरी-निवासापुढे टेम्पोतून तशाच काळ्या खाटा उतरताना पाहिल्या आणि राहवलं नाही, म्हणून हे पत्र. पर्यटन खात्याने किनाऱ्यावरच्या घरमालकांसाठी एक दिवस ठेवावा, त्यात सुताराला आणि बाजलं विणणाऱ्याला बोलवावं. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, खोल्या रिकाम्या असतात, बायकांना थोडी सवड असते. तेव्हाच हे ठेवलं तर बरं. आजोबांना मी विचारलं आहे, ते यायला तयार आहेत.

आपली,
एक वाचक,
देवबाग, ता. मालवण