बाबा, रात्रीचं नको, सकाळी निघा

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "शुक्रवारी रात्री जेवून निघतो. रस्ता मोकळा मिळतो, बारा-साडेबारापर्यंत दारात." तेव्हा घरात माणसं होती, नीट बोलता आलं नाही. फोनवर आपलं बोलणं चढत जातं आणि मुद्दा राहून जातो, म्हणून हे पत्र. आई, तू मोठ्यानं वाच, म्हणजे दोघांचं एकदमच वाचून होईल.

बाबा, तुमच्या हाताला मी नावं ठेवत नाही. गाडी शिकले ती तुमच्याकडूनच. पण कराड ते पुणे हे 160 किलोमीटर दिवसा वेगळे असतात आणि रात्री वेगळे. तुम्ही आयुष्यभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलात, तुम्हाला आकड्यांत सांगितलेलं पटतं, म्हणून तसंच सांगते.

ताशी 80 च्या वेगाला गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे 33 मीटर गेले. ब्रेक दाबल्यावर कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी पस्तीस-चाळीस मीटर लागतात. एकूण सत्तरच्या आसपास. आणि डिप्परवर समोरचा रस्ता साधारण पन्नास-साठ मीटरच नीट दिसतो. म्हणजे 80 ने जाताना समोरची वस्तू दिसेपर्यंत थांबण्याची संधी निघून गेलेली असते. दिवसा हीच वस्तू अर्ध्या किलोमीटरवरून दिसते. अप्परवर जास्त लांबचं दिसतं हे खरं, पण समोरून एकामागून एक गाड्या येत असताना अप्पर मारून चालत नाही, आणि तुम्ही तर कधीच मारत नाही. रस्ता मोकळा असला की आपसूक वेग वाढतो, उजेड मात्र तेवढाच राहतो. मोकळ्या रस्त्याची मला म्हणूनच जास्त भीती वाटते.

आता ती वस्तू कोणती, हे मी तुम्हाला काय सांगायचं! गळीत हंगाम सुरू झालाय. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, मागचा लाल दिवा फुटलेला, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. अशा किती ट्रॉल्या तुमच्या काट्यावरून गेल्या असतील. "ह्यांना रस्त्यावर सोडतातच कसे," असं घरी येऊन तुम्हीच चिडून म्हणायचात. पंक्चर झाली की ट्रॉली तिथंच लेनमध्ये उभी, मागे दोन दगड आणि उसाचं वाढं टाकलेलं. ट्रॉली गेल्यावरही दगड तिथंच. सहापदरीकरणाच्या कामामुळे डायव्हर्जन आहेत ती वेगळीच. हे सगळं दिवसाही असतं, पण दिवसा ते दिसतं.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. वय वाढतं तशी बाहुली लहान होत जाते, अंधारात पूर्वीसारखी मोठी होत नाही, आणि आतलं भिंग पिवळट होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत मागच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. तुम्ही तर अडुसष्टचे. समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की त्यानंतर नजर सावरायलाही या वयात जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात गाडी काही थांबलेली नसते. हा प्रत्येकाच्या डोळ्यांचा धर्म आहे, त्यात कमीपणा कसला.

आई म्हणत होती की हल्ली बाबांना दिव्यांभोवती कडी दिसतात. बाबा, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? बहुतेक मोतीबिंदूची सुरुवात असेल. "पिकू दे, मग बघू" हे आजोबांच्या वेळचं झालं. आता डॉक्टर पिकायची वाट बघत नाहीत. रोजच्या कामाला अडचण व्हायला लागली की शस्त्रक्रिया करतात, आणि रात्री गाडी चालवताना त्रास होणं ही अडचणच आहे.

मग तुम्ही म्हणाल, रात्री नको तर चहा घेऊन दुपारी चारला निघतो. बाबा, ते तर आणखी नको. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचे अपघातांचे वार्षिक अहवाल बघा, देशात सगळ्यात जास्त अपघात संध्याकाळी 6 ते 9 या तीन तासांत होतात. मध्यरात्रीनंतरचे आकडे कमी दिसतात, पण तेव्हा रस्त्यावर गाड्याच कमी असतात. दिवेलागणीला धड उजेड नसतो, धड अंधार नसतो, सगळ्यांना घरी जायची घाई असते आणि माणसं रस्त्याच्या कडेनं चालत असतात. आई, जठारवाडीच्या दिंडीचं तुला आठवत असेल. 31 ऑक्टोबर 2022, कार्तिकीला निघालेली दिंडी सांगोल्याजवळ जुनोनीला पोहोचली होती, संध्याकाळी सातच्या आत मागून गाडी घुसली आणि सात वारकरी गेले. तू दोन दिवस जेवली नव्हतीस.

पहाटे चारला निघणंही नको. रात्री दोन ते सकाळी सहा या वेळेत शरीर झोप मागतंच, कितीही चहा प्यायला तरी. शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे 14 ऑगस्ट 2022 ला पहाटे पाचच्या सुमारास मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेले, रात्रभराचा प्रवास करून येत होते. शिवाय या दिवसांत कृष्णाकाठी पहाटे धुकं किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. आणि आई, रात्री बाबांना झोप लागू नये म्हणून तू शेजारी जागी बसतेस, सुपारी देतेस, बोलत राहतेस. तुझी पाठ दुखत असताना ते मला अजिबात आवडत नाही.

तेव्हा शनिवारी सकाळी नाश्ता करून आठला निघा. ऊन आलेलं असेल, धुकं गेलेलं असेल. साताऱ्याच्या पुढे कुठेतरी चहाला थांबा, बारापर्यंत आरामात याल. पुण्यात शिरताना नवले पुलाचा उतार मला दिवसाही धास्तीचा वाटतो, तिथं डावी लेन धरा आणि मागच्या ट्रकला जाऊ द्या. निघण्याआधी काच आतूनही पुसा, आतला तेलकट थर बाहेरच्या धुळीपेक्षा जास्त चमकतो. सर्दीची गोळी घेतली असेल तर गाडी चालवू नका, त्यानं गुंगी येते.

कधी एसटीनं यावंसं वाटलं तरी चालेल. बाबांना पासष्टीपुढची आणि आईला महिलांची, दोघांनाही अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. कोयना एक्सप्रेसही दिवसाचीच आहे. मी स्टेशनवर घ्यायला येईन.

सोमवारी मी सुट्टी टाकली आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांची अकराची वेळ घेतली आहे, बाबांचे जुने चष्म्याचे कागद आणि बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन या. बाहुली मोठी करायचं औषध घालतील, त्या दिवशी गाडी चालवता येणार नाही, म्हणून परतायचं ते मंगळवारी सकाळी. डबा मी करून देईन.

तुमची लेक